मिसरातल्या काकड्या आणि जुने कॉम्प्युटर



येथे आयर्लंडमध्ये गेली काही वर्षे एक गमतीची गोष्ट आमच्या पाहण्यात येत आहे. पन्नाशी उलटलेले, संसारात आणि नोकरीत स्थिरावलेले गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वीचे लहान घरगुती कॉम्प्युटर हुडकून हुडकून विकत घेतात. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या जुन्या बाजारातून ते आणतात, धूळ पुसतात, तुटलेली बटणे बदलतात, टी.व्ही.ला जोडतात आणि लहानपणीचे खेळ खेळत बसतात. त्यांच्या खिशातील टेलिफोनची स्मरणशक्ती त्या यंत्राच्या लाखो पट आहे. तरीही त्या टेलिफोनकडे ते ज्या नजरेने कधी पाहत नाहीत, त्या नजरेने ह्या जुन्या डबीकडे पाहतात.

ह्यावर हसणे सोपे आहे. परंतु आम्हांला वाटते की ह्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपणा स्थलांतर केलेल्या मंडळींना इतरांहून अधिक लागू पडतो. प्रश्न असा : गेलेल्या काळाची ओढ लागणे हे माणसाला शोभते काय? त्या ओढीत सचोटी किती आणि स्वतःची फसवणूक किती? आणि हे ओळखावे कसे?

प्रथम ती यंत्रे कशी होती ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिलेली नसतील. आम्ही स्वतः मुंबईत शिकलो ते पाटी-पेन्सिल आणि पुढे लॉगरिदमच्या कोष्टकांवर. इकडे येऊन गणित शिकवू लागलो तेव्हा वर्गातील मुलांच्या तोंडी ह्या यंत्रांची नावे ऐकली. इंग्लंडात सर क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांच्या कंपनीने १९८१ साली झेडएक्स-८१ नावाचा कॉम्प्युटर ७० पौंडांच्या आत विकावयास काढला. त्याला रंग नव्हता, आवाज नव्हता, आणि स्मरणशक्ती अवघी एक किलोबाइट, म्हणजे साधारण हजार अक्षरांची. पुढच्याच वर्षी, १९८२ च्या एप्रिलात, त्याचा धाकटा भाऊ स्पेक्ट्रम आला. रबरी बटणांचा, रंग दाखविणारा, ४८ किलोबाइटांचा, किंमत १७५ पौंड. त्याच वर्षी अमेरिकेतून कमोडोर-६४ निघाला. आयर्लंडचे चलन १९७९ साली ब्रिटिश पौंडापासून सुटे झाले होते आणि त्याचा भाव पौंडाहून खाली होता, त्यामुळे येथील आईबापांना ह्याच वस्तू अधिक महाग पडत.

ह्या यंत्रांत आजच्यासारखी तबकडी किंवा चकती नसे. खेळ कॅसेटवर मिळे. टेपरेकॉर्डर जोडावयाचा, हुकूम टाइप करावयाचा आणि बटण दाबावयाचे. मग किंचाळल्यासारखा एक आवाज सुरू होई, पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावत, आणि पाच-पाच मिनिटे वाट पाहिल्यावर खेळ अवतरे. कधी कधी शेवटच्या क्षणी टेप वाचता आली नाही अशी सूचना येई आणि सगळे पहिल्यापासून करावे लागे. मॅथ्यू स्मिथ ह्या तरुणाने लिहिलेला १९८३ चा ‘मॅनिक मायनर’, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल ह्या दोघा विद्यार्थ्यांनी रचलेला १९८४ चा ‘एलीट’, ही नावे घेतली की त्या पिढीच्या माणसांचे चेहरे आजही उजळतात.

आणि आयर्लंड हा ह्या कथेत नुसता प्रेक्षक नव्हता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनीने टिपरेरी येथे कारखाना काढला. युरोपभरच्या दुकानांत आणि खेळघरांत पैसे टाकून खेळावयाची कपाटे तेथे तयार होत. १९८० साली ॲपल कंपनीने कॉर्कमध्ये कारखाना उघडला. वॉटरफर्डमध्ये १९८८ साली एमराल्ड सॉफ्टवेअर नावाची संस्था निघाली आणि मायकेल जॅक्सनच्या ‘मूनवॉकर’ चित्रपटावरचा घरगुती कॉम्प्युटरसाठीचा खेळ तिने १९८९ साली केला. कॉर्कचे नाव तर त्याहून जुने आहे. ज्या दोनपदरी तर्कशास्त्रावर, म्हणजे होय आणि नाही ह्या जोडीवर, सर्व कॉम्प्युटर चालतात ते मांडणारे जॉर्ज बूल १८४९ पासून मरेपर्यंत कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांची पत्नी मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांची पुतणी. जग किती लहान आहे पाहा!

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

गतकाळाच्या ओढीला इंग्रजीत ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. हा शब्द कवीने बनविलेला नाही, डॉक्टरने बनविला आहे. १६८८ साली योहानेस होफर ह्या तरुण वैद्यकाने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात ग्रीक भाषेतील ‘परतणे’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द जोडून तो तयार केला. परदेशी चाकरी करणारी स्विस मंडळी घराच्या आठवणीने झुरत, त्यांना झोप येत नसे, अन्न जात नसे. त्या रोगाचे हे नाव. खात्रीचा उपाय म्हणून सांगितले होते : रोग्याला घरी पाठवा. आयरिश भाषेतही ह्या वेदनेला एक जुना शब्द आहे, ‘कूआ’, आणि ज्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले बोटीवर चढविली त्या देशाला तो कोणी शिकवावा लागला नाही. आपल्या मराठीत मात्र अलीकडे ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे. पाहा, वेदनेचे रंजन झाले! एकाच गोष्टीची ही दोन नावे आहेत की ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच आमच्या मते कळीचा मुद्दा आहे.

होफरच्या औषधाचा फोलपणा जर्मन तत्त्वज्ञ कान्ट ह्यांनी १७९८ च्या एका ग्रंथात दाखवून दिला आहे. घरच्या ओढीने झुरणारा माणूस घरी परततो आणि त्याची निराशा होते, असे ते म्हणतात. तो समजतो गाव बदलले. वस्तुतः त्याला गाव नको होते, तारुण्य हवे होते, आणि ते तर बोटीने किंवा विमानाने गाठता येत नाही. आपल्यापैकी जे कोणी तीस-चाळीस वर्षांनी अलिबागेकडे किंवा पेणेकडे जाऊन आले असतील त्यांनी हे अनुभवले असेल. ओटा लहान वाटतो. विहीर उथळ वाटते. आणि ज्या आंब्यावर चढताना धाप लागत असे तो आंबा आता परसातले झुडूप दिसतो, तेही तो तोडला गेला नसेल तर.

जुना कॉम्प्युटर विकत घेणाऱ्याचेही तेच होते. आमच्या ओळखीचे एक आयरिश गृहस्थ आहेत. त्यांनी मोठ्या हौसेने स्पेक्ट्रम मिळविला, दुरुस्त केला, आवडता खेळ लावला आणि पंधरा मिनिटांत बंद केला. खेळ अगदी पूर्वीचाच होता, एक ठिपकादेखील इकडचा तिकडे झाला नव्हता. पण हवे होते ते त्यात नव्हते. मग ते काय होते, असे आम्ही विचारले. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, वडिलांचा आवाज.

त्याचे असे आहे. त्या काळी मासिकांत खेळ छापून येत, म्हणजे खेळाचा सबंध मजकूर, ओळीमागून ओळ, अंक आणि चिन्हे. तो घरी बसून टाइप करावा लागे. एक स्वल्पविराम चुकला की सारे अडे. एकट्याने हे करणे कठीण. नजर पानावरून पडद्याकडे आणि पडद्यावरून पानाकडे गेली की ओळ सुटते. म्हणून पुष्कळ घरांत एकजण वाचीत असे व दुसरा टाइप करीत असे. ह्या गृहस्थांचे वडील दिवसभर गोदामात काम करून येत आणि रात्री जेवणानंतर मुलाशेजारी बसून त्यांना अवाक्षर न कळणारा तो मजकूर मोठ्याने वाचीत : कंस, स्वल्पविराम, दोनशे चौपन्न, स्वल्पविराम, शून्य. असे कित्येक संध्याकाळी चाले. ते वडील हयात आहेत, लिमरिकला एकटे राहतात. ही आठवण तुम्ही त्यांना कधी सांगितली का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, असले विषय आमच्या घरात बोलत नाहीत.

आमच्या सबंध लेखाचे सार ह्या उत्तरात आहे. यंत्र शोधून काढण्यास ह्या माणसाने वेळ, पैसा आणि अक्कल खर्च केली. आणि ज्या माणसामुळे ते यंत्र प्रिय झाले त्याच्यापाशी चार शब्द बोलणे मात्र जड गेले. ह्यात ते काही वाईट माणूस आहेत असे नव्हे. वस्तूची आठवण स्वस्त असते. वस्तू आपल्याकडे काही मागत नाही. माणसाची आठवण मागते, आणि म्हणून ती महाग पडते.

हा भेद आपल्याला नवीन नाही. आपल्या शास्त्रात मिसर देशाच्या आठवणी दोन आहेत. एक रानात भटकणाऱ्या लोकांची. गुलामीतून सुटून फार दिवस झाले नव्हते तोच त्यांना मिसरातील फुकटची मासळी, काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण आठवू लागली, आणि ते मोशेपुढे रडू लागले. विटा आठवल्या नाहीत, चाबूक आठवला नाही, नदीत टाकलेली मुले आठवली नाहीत; काकडी आठवली. दुसरी आठवण आपण दर पेसाहला ताटासमोर बसून करतो. तीही मिसराचीच आहे. पण ती म्हणते, तुम्ही परक्या देशात परके होता, म्हणून तुमच्या दारी आलेल्या परक्याचे मन जाणा. देश तोच, वर्षे तीच. पहिल्या आठवणीतून तक्रार निघाली, दुसरीतून कर्तव्य निघाले. आम्हांला वाटते, गतकाळाच्या प्रत्येक ओढीची हीच कसोटी लावावी : ही काकडीची आठवण आहे की परकेपणाची?

ह्या कसोटीवर जुन्या कॉम्प्युटरची आठवण घासून पाहू.

काकडीची आठवण काय काय विसरते? पहिले म्हणजे तो काळ. ऐंशीच्या दशकातील आयर्लंड हा सुखाचा देश नव्हता. १९८६-८७ च्या सुमारास शंभरातील सतरा माणसे बेकार होती, आणि १९८१ ते १९९१ ह्या दहा वर्षांत येणारे वजा जाता सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले. ज्या मुलांनी कॉम्प्युटरवर रात्री जागविल्या त्यांतील पुष्कळांनी ते शिक्षण लंडन नाहीतर बॉस्टन येथे विकले. दुसरे म्हणजे ज्यांच्या घरी हे यंत्र कधी आलेच नाही ती मुले. वर्गात दोघांकडे असे आणि बाकीचे दुकानाच्या काचेला नाक लावून पाहत. त्या बाकीच्यांचे स्मरणरंजन कोणी छापीत नाही.

तिसरे म्हणजे मुली. जाहिरातींतून ही यंत्रे मुलग्यांसाठीच आहेत असे चित्र रंगविले गेले. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर विषयाच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. पुढे ते प्रमाण घसरत २० टक्क्यांच्याही खाली गेले, आणि घरात आलेला मुलग्यांचा कॉम्प्युटर हे त्याचे एक कारण सांगितले जाते. वास्तविक ह्या विद्येच्या आरंभी स्त्रियाच होत्या. अमेरिकेच्या एनिॲक ह्या प्रचंड यंत्राला कामाचे धडे घालून देणाऱ्या सहा स्त्रियांपैकी के मॅकनल्टी ही १९२१ साली आयर्लंडातील डोनेगाल परगण्यात, क्रीसलो गावी जन्मली होती. लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेस गेली तेव्हा तिला इंग्रजीचा शब्द येत नव्हता. ती आयरिश बोलत असे. परक्या देशात परकी भाषा शिकून पुढे गेलेली ही मुलगी आपल्याला आपलीच वाटावी. डब्लिन सिटी विद्यापीठाने आपल्या कॉम्प्युटर शाखेच्या इमारतीला २०१७ साली तिचे नाव दिले.

चौथे म्हणजे ज्यांच्या हातांनी ही यंत्रे बनली ती माणसे. स्पेक्ट्रमची जुळणी समुद्रापलीकडे स्कॉटलंडमधील डंडी शहरात टाइमेक्सच्या कारखान्यात होत असे. कामकरी बहुतांशी बायका. १९९३ साली तेथे कडवा संप झाला आणि त्याच वर्षी कारखाना कायमचा बंद पडला. टिपरेरीचा अटारीचा कारखानाही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिटला. खेळातील प्रत्येक गुहा आणि शिडी पाठ असलेल्या माणसांना ह्या बायकांपैकी एकीचेही नाव ठाऊक नसते. विटा विसरून काकडी आठवणे म्हणतात ते हेच.

मग ह्या ओढीत आदर करण्याजोगे काहीच नाही काय? आहे, आणि ते मोठे आहे.

एक तर त्या यंत्राचा अंत लागत असे. हुशार पोर एका वर्षात त्याचा कोपरान्‌कोपरा ओळखून घेई. मर्यादेतून युक्ती जन्मे. एक किलोबाइटाच्या झेडएक्स-८१ वर चालणारा बुद्धिबळाचा कार्यक्रम डेव्हिड हॉर्न ह्यांनी ६७२ बाइटांत बसविला. म्हणजे एका पोस्टकार्डावर मावेल इतक्या मजकुरात यंत्राला बुद्धिबळ शिकविले! ‘एलीट’मध्ये ३२ किलोबाइटांच्या यंत्रावर आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. ते साठविलेले नव्हते. एका बीजसंख्येपासून गणिताने प्रत्येक वेळी नव्याने उगवत. दुसरे असे की, यंत्र चालू केले की पडद्यावर जवळजवळ काही नसे. आता काय करू, तूच सांग, असे जणू ते विचारी. आजची यंत्रे चालू करताच शंभर वस्तू आपल्यापुढे मांडतात आणि घ्या म्हणतात. घेणारा आणि करणारा ह्यांत फरक आहे, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. त्या मुलांना कमी साधनांत पुष्कळ करता आले, म्हणून कमी साधने असणे हेच चांगले, हा तर्क आपल्या म्हाताऱ्या पिढीला फार आवडतो. आम्ही दोन सदऱ्यांत शिकलो, कंदिलाखाली शिकलो, म्हणून शिकलो, असे आपण नातवंडांना सांगतो. कंदिलाखाली शिकलेले सांगावयास उरले. कंदिलाखाली ज्यांची शाळा सुटली ते ही गोष्ट सांगावयास येत नाहीत. टंचाई ही कोणाची गुरू नव्हे. टंचाईतही कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवीत होते, वेळ देत होते, ते गुरू होते. ज्या घरात यंत्र होते पण शेजारी बसणारे कोणी नव्हते, त्या घरात ते यंत्र महिन्याभरात कपाटात गेले, हे आम्ही शिक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फार ताणता. माणूस दिवसभर राबतो, रात्री तासभर जुना खेळ खेळतो. त्यात नीती-अनीती कसली? कोणाचे काय बिघडते?

खेळ खेळण्यास आमची मुळीच हरकत नाही. विरंगुळा हाही माणसाचा हक्क आहे. बाजारानेही तो ओळखला आहे : कमोडोरची लहान प्रतिकृती २०१८ साली निघाली आणि स्पेक्ट्रमची नवी आवृत्ती २०२४ साली. तिच्यात खेळ आधीच भरलेले असतात, कॅसेट नाही, वाट पाहणे नाही, शेजारी बसून वाचणारे कोणी लागत नाही. वेदना वगळून रंजन तेवढे डबीत घातले आहे, आणि ज्याला हवे त्याने ते खुशाल घ्यावे. पण ओढ तेथेच थांबत नाही. ती हळूहळू न्याय करू लागते. आमच्या वेळची मुले हुशार, आजची आळशी. आमचे खेळ बुद्धीचे, ह्यांचे मूर्खपणाचे. मनातल्या मनात सजविलेला भूतकाळ आपण मोजपट्टी म्हणून वापरतो आणि समोर उभे असलेले मूल तीत आखूड भरते. ज्या मुलाला आपला भूतकाळ पाहता येत नाही, त्यात जाता येत नाही, त्याला त्या भूतकाळावरून नापास करणे हा अन्याय आहे. परीक्षेत न शिकविलेला प्रश्न घालण्यासारखे ते आहे. म्हणून बिघडते ते ह्या मुलांचे.

आणि ह्याच ओढीतून चांगलेही निघू शकते, ह्याचा पुरावा आहे. केंब्रिजमध्ये एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की कॉम्प्युटर शिकावयास येणाऱ्या मुलांना आता पूर्वीइतके करून पाहिलेले नसते, कारण घरी करून पाहण्याजोगे साधे यंत्रच उरलेले नाही. त्यांचे स्वतःचे बालपण बीबीसी मायक्रो ह्या १९८१ च्या कॉम्प्युटरवर गेले होते. त्यांनी हळहळ करण्यापाशी न थांबता २०१२ साली रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या जोडाएवढा स्वस्त कॉम्प्युटर काढला, किंमत २५ आणि ३५ डॉलर, आणि जुन्या यंत्राच्या स्मरणार्थ त्याच्या नमुन्यांना ‘ए’ आणि ‘बी’ हीच नावे दिली. तोच बीबीसी मायक्रो १९८४ पासून भारतात ‘क्लास’ योजनेखाली आरंभी २५० शाळांत गेला होता, म्हणजे मायदेशातही काही मुलांच्या आठवणीत तो असेल.

येथे कॉर्कमध्ये जेम्स व्हेल्टन ह्या शाळकरी वयाच्या मुलाने आणि बिल लियाउ ह्या गृहस्थांनी २०११ साली ‘कोडरडोजो’ सुरू केला. शनिवारी-रविवारी मोठी माणसे येतात आणि मुलामुलींच्या शेजारी बसून त्यांना फुकट कार्यक्रम लिहावयास शिकवितात. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. गॉलवेच्या विद्यापीठाच्या आवारात जुन्या यंत्रांचे संग्रहालयही उभे राहिले, की मुलांनी ती पाहावी आणि हात लावावा. आणि २०१८ पासून येथील शाळांत शेवटच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर हा स्वतंत्र विषय झाला. पहिली परीक्षा २०२० साली व्हावयाची होती. ह्या सर्वांमागे आठवण आहे. पण ती आठवण मागे तोंड करून बसली नाही. मिळाले ते पुढे दिले. आपल्या भाषेत ह्याला ऋण फेडणे म्हणतात, आणि हे ऋण ज्याचे घेतले त्याला परत देता येत नाही तेव्हा पुढच्याला द्यावयाचे असते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. गतकाळाची ओढ हा रोग नव्हे आणि सद्‌गुणही नव्हे. ती एक हुंडी आहे, कोणाचे तरी देणे लागतो ह्याची चिठ्ठी. काहीजण ती चिठ्ठी चौकटीत लावून भिंतीवर टांगतात आणि तिच्या सुंदर अक्षराचे कौतुक करतात. शहाण्याने ती वाचावी, कोणाचे नाव आहे ते पाहावे आणि भरणा करावा.

आपल्यापुरते बोलावयाचे तर, आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावातच गाव आहे : पेणकर, किहीमकर, रोहेकर, नवगावकर. गाव सुटले तरी आडनावाने ते आपल्याबरोबर बोटीत बसले. आपण जमतो तेव्हा कोकणच्या आठवणी निघतात, आणि त्या बहुधा खाण्याच्या असतात. बिरडे कसे लागे, चिकाचा हलवा कोण कसा करी, नारळ कसे स्वस्त होते. बोलण्यात काही वाईट नाही. आम्हीही त्यात मागे नसतो. पण वालाचे बिरडे कोणीतरी पहाटे उठून सोलीत होते. हलवा ढवळताना कोणाचा तरी हात भरून येत होता. परीक्षेची फी भरण्यासाठी कोणीतरी बांगडी मोडली होती. ती माणसे पुष्कळशी गेली. काही अजून आहेत, ठाण्याला, पनवेलीला, अश्दोदला, दिमोनाला, आणि त्यांचा टेलिफोन आठवड्यातून एकदा वाजतो, कधी तोही नाही. आपण त्यांच्या हातच्या चवीची आठवण काढतो त्या वेळी त्या स्वतः खिडकीशी बसलेल्या असतात.

त्या बाईंना एवढेच कळवावयाचे आहे की तुम्ही केलेले आम्हांला ठाऊक आहे. त्यासाठी माळा उपसावा लागत नाही की बाजार हुडकावा लागत नाही. नंबर आपल्यापाशी असतो. आणि घरात एखादे मूल यंत्रापुढे बसले असेल, ते काय करते आहे हे आपल्याला कळत नसेल, तरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसावे आणि म्हणावे, बाळ, वाचून दाखवू का?